हवेची हद्द: गिरणीच्या धुराड्यापासून महानगर प्रदेशापर्यंत

थंडी पडू लागली की मुंबईच्या हवेची चर्चा दरवर्षी नव्याने सुरू होते. बांधकामांना नोटिसा जातात, पाण्याचे टँकर रस्ते धुवायला निघतात. या हवेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांहून जुना आहे, आणि सरकारने दर वेळी एखादी हद्द आखूनच त्याचं उत्तर दिलं आहे.

पहिली हद्द होती धुराड्याची. कोलकात्यासाठी १९०५ मध्ये आणि मुंबईसाठी १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. गिरणगावात तेव्हा दगडी कोळशावरचे बॉयलर धडधडत होते. धूर किती दाट आहे आणि किती वेळ निघतो, यावर नियम बेतलेले होते. डोळ्यांना दिसेल तेवढंच प्रदूषण. पुढे १९१५ पासून खोपोलीची जलवीज गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाला पर्याय आला.

न दिसणाऱ्या प्रदूषणाची ओळख मुंबईला करून दिली चेंबूरने. पन्नाशीच्या दशकात ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने आणि वीजकेंद्र आलं, साठच्या दशकात खत कारखाना आला. लोक या उपनगराला 'गॅस चेंबर' म्हणू लागले. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर, खार इथल्या रहिवाशांची तपासणी करून त्यांची खेड्यातल्या लोकांशी तुलना केली. दम लागणं, जुनाट खोकला अशा तक्रारी प्रदूषित वस्त्यांत जास्त आढळल्या. घरोघरी माहीत असलेलं दुखणं त्यामुळे कागदावर आलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं काम आहे.

सरकारी यंत्रणा मात्र पाण्याच्या वाटेने आली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. हवेचं काम या मंडळाकडे नंतर आलं. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने १९७४ च्या केंद्रीय जलकायद्यासाठी राज्यांचे ठराव लागले होते. १९८१ च्या हवा कायद्याला ते लागले नाहीत, कारण १९७२ च्या स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदेतल्या निर्णयांचा आधार घेऊन संसदेने तो केला. कायदा केंद्राचा, अंमल राज्य मंडळांचा, ही आजची विभागणी तिथूनच आली.

या कायद्याचा कणा म्हणजे संमतीपत्र. कारखाना काढायचा तर मंडळाची संमती घ्यायची, अटी पाळायच्या. पण संमतीपत्र एका कारखान्याचं असतं. डोंबिवली किंवा तळोजासारख्या औद्योगिक वसाहतीत प्रत्येक चिमणी आपापल्या मर्यादेत असली, तरी सगळ्यांची मिळून बेरीज किती होते आणि ती कोणाच्या श्वासात जाते, याचा हिशेब त्या कागदात मावत नाही.

हवा मोजायची पद्धतही ठिपक्याठिपक्यांची होती. १९८४ पासून देशभर मोजणी केंद्रं उभी राहिली. गच्चीवर पेटीएवढं घरघरणारं यंत्र, आत काचतंतूंचा पांढराशुभ्र फिल्टर कागद. दर आठ तासांनी तो बदलायचा आणि धूळ बसण्याआधीचं व नंतरचं वजन ताडून पाहायचं. पांढरा कागद राखाडी होऊन निघे. हे आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. बाकीच्या दिवसांची नोंद फुप्फुसांतच राहायची.

एका अख्ख्या टापूची हवा एकत्र पाहण्याची मोठी सुरुवात ताजमहालासाठी झाली. आग्रा, मथुरा, फिरोजाबादपासून राजस्थानातल्या भरतपूरपर्यंत सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरचा समलंब चौकोन आखला गेला. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या २९२ उद्योगांना सांगितलं: कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर जागा सोडा. दगडाच्या रक्षणासाठी राज्याची सीमा ओलांडता आली. माणसांसाठी ते व्हायला आणखी बराच काळ जावा लागला. दिल्लीसाठी १९९८ मध्ये न्यायालयाच्या रेट्याने प्राधिकरण नेमलं गेलं. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यादेशाने आणि २०२१ मध्ये कायद्याने राजधानी परिसरासाठी हवा गुणवत्ता आयोग आला. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान या शेजारी राज्यांनाही तो आदेश देऊ शकतो आणि मतभेद झाल्यास राज्य मंडळांपेक्षा त्याचाच शब्द चालतो.

देशपातळीवर जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला, पण त्याचं एकक शहर हेच राहिलं. त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत, सर्व राज्यांत सर्वाधिक. मुंबई, नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर एकाच महानगर प्रदेशात, पण आराखडे वेगवेगळे. दुपारी समुद्राकडून येणारा वारा मुंबईचा धूर आत ढकलतो आणि रात्री जमिनीवरून सुटणारा वारा तो परत आणतो. या ये-जा करणाऱ्या हवेला शहरागणिक वेगळे आराखडे कसे पुरणार?

ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराची हवा सलग बिघडली, तेव्हा महापालिकेने बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे लावण्यासारखे नियम काढले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. दिल्लीसारखा कायद्याने नेमलेला आयोग मात्र मुंबई महानगर प्रदेशाला मिळालेला नाही. राज्य मंडळाची मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण आणि रायगड अशी पाच प्रादेशिक कार्यालयं या एकाच हवेचा कारभार वाटून घेतात.