स्क्रिप्टमधून मेल कसा जातो, आणि आला नाही तर आधी काय बघायचं

रात्रीचा बॅकअप झाला की मेल, डिस्क भरत आली की मेल, सकाळी स्टॉकचा रिपोर्ट मेलवर... असं ज्यांच्या लिनक्स सर्व्हरवर आम्ही लावून दिलंय त्यांच्यासाठी हे पत्रक. "आज मेल आलाच नाही" हा फोन आम्हाला कायम येतो, आणि त्यातलं निम्मं तुम्हाला जागेवर बघता येण्यासारखं असतं.

मुळात स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल) स्वतः मेल पाठवत नाही. ती फक्त मजकूर तयार करते आणि दुसऱ्या एका कमांडच्या हवाली करते, पुढचं लॉगिन, टीएलएस (वाटेत कोणी वाचू नये म्हणूनचं कुलूप), मेल सर्व्हरशी बोलणं सगळं ती कमांड बघते. पद्धत जुनीच आहे. एरिक ऑलमनने बर्कलीला लिहिलेला सेंडमेल हा मेल पाठवणारा प्रोग्राम 1983 च्या सुमारास बीएसडी युनिक्सबरोबर आला आणि त्या नावाची इतकी सवय झाली की आज मेल सर्व्हर पोस्टफिक्स असो की एक्झिम, सेंडमेल नावाची कमांड सगळेच ठेवतात. आम्ही बहुतेकांकडे एमएसएमटीपी हा मेल पुढच्या सर्व्हरकडे देणारा छोटा प्रोग्राम बसवलाय, कारण दिवसाला चार मेल पाठवायला अख्खा मेल सर्व्हर सांभाळत बसण्यात अर्थ नाही. शिवाय पासवर्ड एकाच फाइलमध्ये राहतो, दहा स्क्रिप्टमध्ये दहा ठिकाणी नाही. जुन्या मशीनवर एसएसएमटीपी (तसाच, पण जुना प्रोग्राम) असेल तर कळवा, त्याकडे आता कोणी बघत नाही, बदलून देऊ.

मेल बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पासवर्ड. 30 मे 2022 पासून जीमेलने नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर असं लॉगिन देणं बंद करायला घेतलं, म्हणून तुमच्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड (फक्त या कामापुरता वेगळा पासवर्ड) काढून आम्ही तो सर्व्हरवर टाकलाय. आता होतं काय, की ऑफिसमधलं कोणीतरी सोडून जातं, शेठ म्हणतात जीमेलचा पासवर्ड बदला (बरोबरच आहे), आणि तो बदलला की गूगल सगळे ॲप पासवर्डही रद्द करतं, त्या रात्रीपासून रिपोर्ट बंद. तेव्हा पासवर्ड बदललात तर त्याच दिवशी नवा ॲप पासवर्ड काढून टाकायचा. आणि ती सेटिंगची फाइल उघडलीत तर तिची परमिशन 600 च (म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) राहू द्या, दुसऱ्या कोणाला वाचता येत असेल तर एमएसएमटीपी सरळ काम नाकारतो.

दुसरं नेहमीचं: "हाताने चालवली तर मेल जातो, रात्री जात नाही." क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बहुतेक ठिकाणी कमांड फक्त दोनच फोल्डरमध्ये शोधतो, यूएसआर-बिन आणि बिन, आणि सेंडमेल साधारणपणे बसलेला असतो यूएसआर-एसबिनमध्ये. स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पाथ (फोल्डरसकट नाव) लिहा, विषय संपला.

तुमच्याकडचा मुलगा स्क्रिप्टमध्ये बदल करत असेल तर त्याला एवढं सांगा. टू, फ्रॉम, सब्जेक्ट या हेडरच्या ओळी झाल्या की एक पूर्ण रिकामी ओळ हवीच, ती राहिली तर मजकुराची सुरुवात हेडरमध्ये धरली जाते आणि मेल अर्धवट नाहीतर कोरा दिसतो. सब्जेक्ट मराठीत टाकायचा असेल तर तो एन्कोड करावा लागतो (साध्या इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलावा लागतो), तसाच ढकलला तर काही ठिकाणी गिचमिड दिसणार, हे काम मट हा मेलचा प्रोग्राम आपोआप करतो म्हणून मराठी सब्जेक्ट आणि अटॅचमेंटवाल्या मेलला आम्ही मटच वापरतो. अटॅचमेंट मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांश फुगते, जीमेलची मर्यादा 25 एमबी, म्हणजे 18 एमबीच्या पुढची फाइल पाठवायच्या भानगडीत पडू नका, लिंक द्या.

वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म असेल तर हे जरा नीट वाचा. फॉर्ममध्ये कोणीही भरलेला पत्ता कमांडच्या ओळीत चिकटवायचा नाही, कधीच नाही. डिसेंबर 2016 मध्ये पीएचपीमेलर या वेबसाइटवरून मेल पाठवायच्या तयार कोडमध्ये हाच घोळ उघड झाला, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात अवतरण चिन्हं घालून सेंडमेलला जादा ऑप्शन देता येत होते आणि त्यातून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. जुनी साइट तशीच चालू असेल तर आम्हाला एकदा बघू द्या, त्याचे पैसे लावणार नाही.

कमांड संपताना एक आकडा परत देते. तो 0 असेल म्हणजे पुढच्या सर्व्हरने मेल घेतला, एवढंच. कुरियरवाल्याने पावती दिली म्हणजे पार्सल पोचलं असं नाही ना, तसंच, म्हणून स्पॅम फोल्डर बघाच. 77 आला तर लॉगिन फसलंय, 78 म्हणजे सेटिंगमध्ये चूक, 75 म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने परत करून बघा. एमएसएमटीपीकडे रांग नसते, रात्री नेट गेलं तर तो मेल बुडालाच, म्हणून आमच्या स्क्रिप्ट थोड्या थोड्या वेळाने परत प्रयत्न करतात आणि तरी जमलं नाही तर लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) लिहून ठेवतात. स्क्रिप्टमधला तो भाग काढू नका प्लीज.

एवढं बघूनही मेल येत नसेल तर फोन करण्याआधी लॉगच्या शेवटच्या दहा ओळी व्हॉट्सॲपवर टाका, फोटो नको, मजकूर कॉपी करून. सेटिंगची फाइल मात्र पाठवू नका, तिच्यात पासवर्ड आहे.