चित्रपटाच्या डीव्हीडी-ब्ल्यू-रेवरील मेनू आणि बोनस साहित्य

चित्रपट घरी पाहण्यासाठी डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रेवर निघतो, तेव्हा मूळ चित्रपटाखेरीज तबकडीवर जे भरलेले असते त्याला बोनस फीचर्स किंवा नुसते एक्स्ट्रा म्हणतात. ध्वनिभाष्य (चित्रपट चालू असताना ऐकायचे त्यावरचे बोलणे), वगळलेली दृश्ये, निर्मितीवरचे माहितीपट, ट्रेलर, चित्रदालने असे त्याचे प्रकार. या सगळ्यापर्यंत रिमोटने पोचायची वाट म्हणजे मेनू. दोन्हींचे नियोजन एकत्रच करावे लागते, कारण तबकडीवरची जागा एकच आणि बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला वाचायच्या माहितीची, मर्यादाही एकच. या कामाला ऑथरिंग म्हणतात.

ही कल्पना डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या व्हिडिओ तबकडीची, लेसरडिस्कची आहे. 1984 मध्ये क्रायटेरियन या कंपनीने 'किंग काँग' (1933) लेसरडिस्कवर काढला, तेव्हा दुसऱ्या ध्वनिपट्टीवर चित्रपट-इतिहासकार रोनाल्ड हेव्हर यांचे भाष्य होते. चित्रपटाबरोबर ऐकायचे पहिले ध्वनिभाष्य ते हेच. लेसरडिस्कवर मेनू मात्र नव्हता. तो 1996-97 मध्ये डीव्हीडीबरोबर आला.

जागेचा हिशेब

एकेरी थराच्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावते, दुहेरीत सुमारे 8.5 जीबी. 120 मिनिटांचा चित्रपट आवाजासह सरासरी 6.5 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) बिटरेटने ठेवला तर त्याला सुमारे 5.85 जीबी लागते. दुहेरी थरात मग 2.65 जीबी उरते, म्हणजे 4 एमबीपीएसने जेमतेम 88 मिनिटे. त्यातूनच मेनू काढायचे आणि थोडी मोकळी जागाही ठेवायची, म्हणून माहितीपट तासाभराच्या आत बसवलेले बरे. याउलट 192 केबीपीएसचे (सेकंदाला किलोबिट) भाष्य पूर्ण 120 मिनिटांना सुमारे 173 एमबी घेते. कमी जागेत सर्वांत जास्त देणारा बोनस हाच, आणि जागा तुटपुंजी असेल तेव्हा पहिली निवड भाष्याचीच असावी.

डीव्हीडी प्लेअर चालू असताना दोन ध्वनिपट्ट्या एकत्र मिसळू शकत नाही. म्हणून भाष्याची पट्टी आधीच तयार मिश्रण असावी लागते: बोलणे चालू असताना चित्रपटाचा आवाज खाली, बोलणे थांबले की वर. पाल या टीव्ही पद्धतीच्या आवृत्तीत आणखी एक चूक होते. सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट 25 ने चालवला की 120 मिनिटांचा 115 मिनिटे 12 सेकंदांत संपतो. भाष्य त्याच प्रमाणात वेगवान केले नाही, तर शेवटच्या रिळापर्यंत ते जवळजवळ पाच मिनिटे मागे पडते.

डीव्हीडीचा मेनू

मेनूची पार्श्वभूमी म्हणजे चित्रपटासारखाच साधा एमपीईजी-2 पद्धतीने साठवलेला व्हिडिओ, स्थिर किंवा हलता. निवडलेले बटण उजळते ते त्यावर ठेवलेल्या सबपिक्चर नावाच्या वेगळ्या थरामुळे. या थरात प्रत्येक पिक्सेलला चारच रंग शक्य असतात, ते 16 रंगांच्या पटलातून घ्यायचे, आणि एक बहुधा पारदर्शक ठेवण्यात जातो. त्यामुळे कडा गुळगुळीत होत नाहीत. बारीक, वळणदार अक्षरे सबपिक्चरमध्ये काढली की दातेरी दिसतात. ती पार्श्वभूमीत काढावीत आणि सबपिक्चरला फक्त ठिपका, अधोरेखा किंवा जाड चौकट द्यावी. एक पिक्सेल जाडीच्या आडव्या रेघा जुन्या इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दाखवणाऱ्या) टीव्हीवर लुकलुकतात, त्या दोन-तीन पिक्सेलच्या हव्यात. मजकूर पडद्याच्या मधल्या 80 टक्क्यांत ठेवावा.

एका मेनूवर जास्तीत जास्त 36 बटणे बसतात. 16:9 मेनू 4:3 टीव्हीवर लेटरबॉक्स होऊनही (वर-खाली काळ्या पट्ट्यांसह) दिसायचा असेल, तर मर्यादा 18 वर येते आणि त्या रूपासाठी सबपिक्चर वेगळे द्यावे लागते. ते राहून गेले की उजळलेली पट्टी शब्दाच्या वर किंवा खाली सरकलेली दिसते.

नेहमीचा दोष दोन पर्यायांच्या मेनूत असतो. एक शब्द पांढरा, एक पिवळा. यांतला निवडलेला कोणता, हे प्रेक्षकाला कळत नाही. नुसत्या रंगावर विसंबू नये, शेजारी खूण द्यावी. सध्या चालू असलेली भाषा आणि रिमोटने आत्ता ज्यावर आहोत ते बटण, या दोन गोष्टींच्या खुणाही वेगळ्या असाव्यात.

हलत्या मेनूचे आवर्तन 30 ते 60 सेकंदांचे असते. ते संपले की लेसर मागे उडी मारतो आणि क्षणभर खंड पडतो. संगीत मधेच तुटू नये म्हणून शेवटी ते हळूहळू शांत करतात, आणि शेवटची चौकट पहिलीशी जुळवतात. मेनूंमधली संक्रमण-दृश्ये पहिल्यांदा छान वाटतात, दहाव्यांदा तीन सेकंदही छळतात. प्लेअरमध्ये जीपीआरएम नावाच्या 16 स्मृतिजागा असतात. दृश्य एकदा दाखवले की त्यांपैकी एकीत 1 लिहायचा, आणि पुढच्या वेळी तो पाहून थेट मेनूवर जायचे.

'प्ले'च्या बटणात ध्वनिपट्टीची आज्ञा लिहायला विसरलात, तर भाष्य ऐकून परतलेल्या प्रेक्षकाला चित्रपटही भाष्यासकट सुरू झालेला दिसतो. प्रकरणांच्या (चित्रपटाच्या भागांच्या) मेनूत शेवटच्या दृश्याचे चित्र किंवा रहस्य उघड करणारे शीर्षक घालू नये. रहस्य आधी न कळणे हा पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हक्कच आहे. ट्रेलरवर पुढे जाण्याची बंदी घालणेही टाळावे.

दुहेरी थराच्या तबकडीत थर बदलताना काही प्लेअर अडखळतात. बदल प्रकरणाच्या सीमेवर, काळ्या व शांत चौकटीत ठेवावा. पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान असून चालत नाही, त्यामुळे ती जागा मध्याच्या किंचित पुढे शोधावी लागते.

ब्ल्यू-रे

2006 पासूनच्या ब्ल्यू-रेत 25 किंवा 50 जीबी, 256 रंगांची ग्राफिक्स आणि चालू चित्रपटावर उघडणारा पॉप-अप मेनू मिळतो. मेनू दोन पद्धतींनी बनतो: साधा एचडीएमव्ही किंवा जावा या प्रोग्रामिंग भाषेवर आधारित बीडी-जे. दुसरा लवचिक असला तरी सुरू व्हायला वेळ घेतो, आणि त्यात प्लेअरची 'जिथे थांबलो तिथून' सोय बहुधा चालत नाही. ती ऑथरिंगमध्ये स्वतंत्र लिहावी लागते. ती नसलेली तबकडी मधेच बंद केली की पुन्हा सगळ्या सूचनांपासून सुरुवात.

जतन

डीव्हीडीवर मेनूच्या आज्ञा आयएफओ नावाच्या फायलींमध्ये आणि चित्र-ध्वनीसोबत व्हीओबी फायलींमध्येही असतात. फक्त मुख्य चित्रपट वेगळा काढून ठेवला तर मेनू, लपवलेली दृश्ये आणि पर्यायी फाटे नाहीसे होतात. संपूर्ण तबकडीची आयएसओ (एकाच फायलीतली हुबेहूब) प्रत केली तरच ते टिकतात.