एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा: त्यामागचा इतिहास

नाशिकच्या एमजी रोडवर कॉम्प्युटरच्या दुकानात कुणी ‘पॉवर सप्लाय’ मागत नाही. मागतात तो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना चालेल अशी करून देणारा डबा. स्विच्ड मोड पॉवर सप्लाय या नावाचं हे लघुरूप तोंडात इतकं बसलंय, की त्यातलं ‘स्विच्ड मोड’ म्हणजे काय हे विचारायचं राहूनच जातं. वॅट आणि कार्यक्षमतेची, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती पुढे पोहोचते याची, गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते.

त्याआधीचे सप्लाय लिनियर असत. ५० हर्ट्झवर चालणारा लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवायचा आणि जास्तीचं व्होल्टेज रेग्युलेटर उष्णतेत घालवायचा. आत घेतलेल्या विजेतली निम्मी वाया गेली तरी कुणाला नवल वाटत नसे. १९७०च्या दशकात उच्च व्होल्टेज सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडणं परवडू लागलं. वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो, म्हणून डबाही हलका झाला. १९७७च्या ॲपल टू या कॉम्प्युटरमध्ये ॲपलचे अभियंते रॉड होल्ट यांनी असाच सप्लाय बसवला.

१९८१च्या आयबीएम पीसीचा सप्लाय होता ६३.५ वॅटचा. आयबीएमच्याच पुढच्या मॉडेलांपैकी १९८३च्या एक्सटीला १३० आणि १९८४च्या एटीला १९२ वॅटचा सप्लाय होता. तेव्हापासून आकडा वाढतच गेला आणि त्याबरोबर एक गैरसमजही. ‘८०० वॅटचा लावला तर बिल वाढेल ना?’ हा प्रश्न मी आजही ऐकतो. स्टिकरवरचा आकडा म्हणजे सप्लाय जास्तीत जास्त किती वॅट बाहेर देऊ शकतो त्याची मर्यादा. मीटर फिरतो तो कॉम्प्युटर त्या क्षणी जेवढं मागतो आणि ते देताना सप्लायमध्ये जेवढं वाया जातं, त्या दोन्हींच्या बेरजेवर.

पाठीमागचं लाल बटण जुन्या लोकांना आठवत असेल, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. सिडकोतल्या एका क्लासमध्ये ते चुकून ११५वर सरकलं होतं. चालू करताक्षणी झालेला आवाज आणि जळका वास मी विसरलेलो नाही. पुढे ॲक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शनचे, म्हणजे भिंतीतून वीज झटक्यांऐवजी एकसारख्या लयीत घेणारे सप्लाय आले, जे १०० ते २४० व्होल्ट स्वतःच सांभाळतात, आणि त्यांच्यावरून ते बटण गेलं. माझ्या मते आपल्यासारख्या कमी-जास्त व्होल्टेजच्या भागात ही सुधारणा वॅट वाढण्यापेक्षा मोठी होती.

खरी गफलत झाली ती २०००च्या सुमारास. तोपर्यंत प्रोसेसरची वीज मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांमधून येई. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, त्यामुळे ६० वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर १२ अँपिअर, १२ व्होल्टवर फक्त ५. अँपिअर जास्त म्हणजे तारा जाड आणि नुकसान अधिक. म्हणून इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरच्या वेळी चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर आला आणि मदरबोर्ड प्रोसेसरजवळच व्होल्टेज उतरवू लागला. पण कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त डब्यांवर सगळ्या व्होल्टेजच्या वॅटची बेरीज जुन्याच हिशेबाने, ५ आणि ३.३ व्होल्टवर भर देऊन छापलेली असे. मी उघडलेल्या अशाच एका ‘४५० वॅट’च्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत १७ अँपिअर होते, म्हणजे २०४ वॅट. ग्राफिक्स कार्ड लावलं की मशीन का बंद पडतं, याचं उत्तर त्या रांगेत होतं.

कार्यक्षमतेकडे लक्ष गेलं ते त्याहून उशिरा. तेव्हा बाजारातले बरेच सप्लाय ७० टक्क्यांच्या आसपास घुटमळत. अमेरिकेत २००४मध्ये ‘८० प्लस’ ही योजना सुरू झाली: २०, ५० आणि १०० टक्के भारावर, म्हणजे स्टिकरवरच्या वॅटपैकी तेवढा भाग वापरात असताना, किमान ८० टक्के कार्यक्षमता. वीज कंपन्यांनी उत्पादकांना त्यासाठी पैसे दिले, कारण नवं वीजकेंद्र बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. पहिला प्रमाणित सप्लाय २००५मध्ये आला, सीसॉनिक या कंपनीचा. त्याच वर्षी आपल्याकडे वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र शहराला खेटून असूनही आपण भारनियमनाचं वेळापत्रक पाहून कामं उरकत होतो, इन्व्हर्टर घेत होतो. त्या विजेतली किती एसएमपीएसमध्येच तापून जाते हे मात्र दुकानात कुणी विचारत नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

२००८मध्ये ‘८० प्लस’चे ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड हे चढते दर्जे आले. मागोमाग प्लॅटिनम आणि टायटॅनियम. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला निम्म्या भारावर ९० टक्के गाठावे लागतात. आपल्या २३० व्होल्टवर तोच सप्लाय सहसा थोडा सरसच चालतो. आता हिशेब करू. कॉम्प्युटरला ३०० वॅट हवे असतील तर ९० टक्केवाला भिंतीतून ३३३ वॅट घेईल, ७० टक्केवाला ४२९. रोज आठ तास चालवलं तर महिन्याला सुमारे २३ युनिटचा फरक, आणि तेवढी उष्णता मे महिन्यात त्याच खोलीत.

गोल्ड म्हणजे स्टिकरवरचे वॅट खरे, असं मात्र नाही, आणि मोठा घेतला म्हणजे चांगलाच, असंही नाही. टॅली चालवणाऱ्या १०० वॅटच्या मशीनला १००० वॅटचा गोल्ड लावला तर तो १० टक्के भारावर चालतो, आणि वरच्या दर्जांपैकी तिथल्या कार्यक्षमतेची अट फक्त टायटॅनियमलाच आहे. अशा मशीनला ४०० वॅटचा ब्रॉन्झ मी सुचवतो, तोही स्टिकरवरची १२ व्होल्टची रांग वाचून.