ताण सोसणारा मका: बियाणे घेण्याआधी एवढे वाचा

पिशवीवर ‘पाण्याचा ताण सहन करणारे वाण’ असे छापले की पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे हा मका पाण्यावाचून येतो का? नाही येत. पाऊस पारच गेला तर हेही पीक जाईल. मात्र ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली आणि साध्या वाणाची कणसे मोकळी राहिली, तरी याच्या कणसात बऱ्यापैकी दाणे धरतात. फायदा एवढाच, आम्ही जास्त सांगत नाही.

याचे कारण कणसाच्या केसांत आहे. एकेक केस म्हणजे एकेक दाणा. तुऱ्यातून पराग झडतो तेव्हा केस बाहेर आलेले हवेत. पाणी तुटले की तुरा जवळपास वेळेवर येतो, केस मागे रेंगाळतात आणि ते निघेपर्यंत पराग सरलेला असतो. मेक्सिकोतल्या ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्रात १९७०च्या दशकापासून यावर काम झाले. मका कोरड्या हंगामात लावायचा, फुलोऱ्याच्या तोंडावर पाणी मुद्दाम तोडायचे आणि तरीही ज्यांचे केस वेळेवर आले, दाणे भरले, त्यांचेच बी पुढे न्यायचे. असे पिढ्यान्‌पिढ्या. पुढे कमी नत्रावरही अशीच निवड झाली. ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते, कारण खताची पूर्ण मात्रा देणे लहान शेतकऱ्याला दरवेळी परवडत नाही. भरपूर खत-पाण्यावर निवडलेले वाण त्याच्या रानात टिकेलच असे नाही.

ताण म्हणजे कोणता, हे मात्र विचाराच. अवर्षण सोसणारे वाण कडक उन्हातही तग धरेल असे नाही. अती उष्णतेने परागच मरतो. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात, ती गोष्ट आणखी निराळी. तिन्हींचे एकच उत्तर देणाऱ्याकडून बी घेऊ नका, आमच्याकडूनही नको.

राहिला प्रश्न घरच्या बियाण्याचा. संकरित मक्याचे दाणे पुन्हा पेरू नका. दुसऱ्या पिढीत झाडे उंचसखल होतात आणि उत्पन्न घटते. संमिश्र वाणाचे, म्हणजे अनेक वाणांच्या मिश्रणातून मोकळ्या परागीकरणाने वाढवलेल्या वाणाचे, बी दोन-तीन हंगाम राखता येते. त्यासाठी कणसे बांधालगतची नव्हे, रानाच्या मधली निवडा. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो, शेजारचा मका तुमच्यात मिसळायला वेळ लागत नाही.