निपुण आणि अध्ययन निष्पत्ती (खान्देशातल्या सरकारी शाळा)

कोणत्या वर्गातल्या पोराला नेमकं काय यायला पाहिजे हे आधी लिहून ठेवायचं आणि मग त्या मापानं शाळा तपासायची, या पद्धतीतल्या मापांना सरकारी कागदात अध्ययन निष्पत्ती म्हणतात. त्यातला बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते तिसरीचा वाचन आणि गणिताचा जो भाग आहे तो निपुण. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा, नगरपालिकेच्या शाळा, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा, सगळीकडं हीच मापं आहेत. माप अख्ख्या राज्याला एक, पण खान्देशात पोरगं घरी अहिराणी बोलतं, नाहीतर लेवा गणबोली, गुजरी, भिली, मावची, पावरी यातलं काहीतरी, त्यामुळं इथं निपुणची गोष्ट जरा वेगळी होते.

आधीचं

कल्पना नवी नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर दवे समितीनं किमान अध्ययन पातळ्या ठरवून दिल्या (१९९१), त्यावरून महाराष्ट्रात १९९५ चा क्षमताधिष्ठित प्राथमिक अभ्यासक्रम आला आणि गुरुजींच्या टेबलावर क्षमतांचे तक्ते आले. मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (वर्षभर पोराची प्रगती तपासत राहणं) आलं, आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं, आणि गावातल्या लोकांनी त्याचा अर्थ सरळ "परीक्षाच नाही" असा लावला, जो चुकीचा होता पण समजावून सांगायला कोणी बसलंही नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र ही राज्याची मोहीम सुरू झाली. तेव्हा साताऱ्याचा कुमठे बीट (खेळातून, करून शिकवणाऱ्या शाळांचा गट) बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जायच्या, परत आल्यावर वर्गाची फरशी रंगवायची, त्यावर अक्षरं, अंक, सापशिडी. ती फरशी बऱ्याच शाळांत अजून आहे, रंग गेलाय.

२०१७ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेनं इयत्तावार निष्पत्ती काढल्या आणि शिक्षण हक्काच्या नियमांतच त्या घातल्या गेल्या, म्हणजे आता हे नुसतं मार्गदर्शन राहिलं नाही. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर ०७.७२.०१ असे आकडे दिसतात ते हेच, सातवी, विज्ञान, पहिली निष्पत्ती. पालकांना वाटतं छापखान्याचा नंबर असेल. पुढं २०२० चं राष्ट्रीय धोरण आलं, त्यात म्हटलं की पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान ही सगळ्यात निकडीची गोष्ट, आणि ५ जुलै २०२१ ला निपुण भारत सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे, असं त्याचं उद्दिष्ट.

माप कसं घेतात

दुसरीच्या पोरानं अनोळखी उतारा मिनिटाला ४५ ते ६० शब्द या वेगानं, समजून वाचायचा, तिसरीच्या पोरानं किमान ६०. पहिलीत चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं. आकडे पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९, तिसरीत ९९९९. प्रत्यक्षात होतं असं की गुरुजी किंवा मॅडम मोबाईलवर टायमर लावून एकेका पोराला जवळ बसवतात, पोरगं वाचतं, ते चुका मोजतात, मग अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यातला स्तर ठरवून माहिती ऑनलाइन भरायची, आणि नेट नसलं तर टेकडीवर चढून भरायची. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी मीटिंगला गेले की दुसऱ्याकडं चार वर्ग, त्यात एकेकाचं वाचन ऐकायचं म्हणजे बाकीच्यांना काहीतरी लिहायला देऊन गप्प बसवायचं. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल, पूर्वी पाचवीतलं पोरगं वाचत नाही हे पाचवीतच कळायचं, आता दुसरीत कळतं.

'ळ' ची अडचण

अहिराणीत मराठीच्या ळ चा बऱ्याच ठिकाणी य होतो. शाळा ती शाया, फळा तो फया, डोळा तो डोया. "मी शायामा जास" म्हणणारं पोरगं पहिलीत आलं की त्याच्यापुढं छापलेला शब्द असतो "शाळा". त्याला शब्द कळतो, चित्र कळतं, वाचताना तोंडातून शाया निघतं. आता टायमर लावलेल्या गुरुजींनी हे चूक धरायचं की बरोबर? ज्यांच्या घरी अहिराणी आहे ते शिक्षक बरोबर धरतात आणि पुढं जातात, बाहेरून बदलून आलेले कधी कधी चूक धरतात, आणि दोन शेजारच्या शाळांचे आकडे इथंच वेगळे होतात. गंमत अशी की आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कविता त्याच बालभारतीच्या पुस्तकांत येतात, त्यांत हाच य छापलेला असतो, तिथं तो बोलीचा गोडवा म्हणून शिकवला जातो. ती बाई स्वतः निरक्षर होती, निपुणच्या चाचणीत शून्य स्तरावर बसली असती.

अहिराणीवाल्या पोराचं तरी दिवाळीपर्यंत जमतं, कारण मराठी कानावर असते, बाजारात, टीव्हीवर. नंदुरबारच्या सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर, तसं नाही. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पोराला मराठीच मुळात नवीन भाषा, आणि पुस्तक धरून चालतं की ती त्याला येतेच. जिथं स्थानिक शिक्षक आहे किंवा अंगणवाडीची ताई मधे बसून सांगते तिथं पोरं आधी आपल्या बोलीत गोष्ट सांगतात, मग तीच मराठीत, मग वाचन. नर्मदेच्या काठावर नर्मदा बचाव आंदोलनानं नव्वदीच्या सुरुवातीला चिमलखेडीला जीवनशाळा काढली, तिथं पोरांच्या भाषेतून शिकवणं पहिल्यापासून होतं, "लडाई पढाई साथ साथ" ही तिथलीच घोषणा. सरकारी धोरणात घरच्या भाषेचं महत्त्व २०२० मध्ये ठळक अक्षरात आलं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा निर्णय निघाला, राज्यभर गदारोळ झाला आणि जूनच्या शेवटी तो मागं घेतला. सातपुड्यातल्या पोराच्या हिशोबानं ती तिसरी नाही, चौथी झाली असती, कारण त्याच्यासाठी मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी.

दिवाळीनंतर नंदुरबारची आणि चाळीसगाव-पारोळा पट्ट्यातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात, गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात. पोरं सोबत. काही ठिकाणी हंगामी वसतिगृह असतं, आजी-आजोबा असतील तर पोरगं मागं राहतं, नाहीतर थेट होळीला परत. काठी गावची राजवाडी होळी आणि होळीआधीचा भोंगऱ्या बाजार चुकवायचा नाही म्हणून लोक येतात, तेव्हा वर्गात एकदम गर्दी दिसते. म्हणजे ज्या चार महिन्यांत वाचन पक्कं व्हायचं तेच गेलेले असतात, आणि चाचणी मात्र सगळ्यांसोबत.

विज्ञान

विज्ञानाला निपुणसारखं मिशन नाही, हे सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे. तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास, सहावी ते आठवी सामान्य विज्ञान, पुढं विज्ञान आणि तंत्रज्ञान, आणि प्रत्येकाच्या निष्पत्ती छापलेल्या. पण वरून विचारतात ते वाचन आणि गणित, मग परिसर अभ्यासाचा तास हळूच वाचनाच्या सरावाला जातो. पोरांना किती आलं हे देशभर तपासणारं परख राष्ट्रीय सर्वेक्षण (डिसेंबर २०२४) तिसरी, सहावी आणि नववीचं झालं, तेवढ्यापुरती धावपळ होते.

निष्पत्तीची भाषा मात्र चांगली आहे. वर्गीकरण करतो, कारण सांगतो, साधा प्रयोग करून पडताळतो, अशी सगळी क्रियापदं, व्याख्या पाठ करतो असं कुठं नाही. आणि खान्देशात या क्रियापदांना सामान कमी नाही. बिबड्या घ्या. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, ती आंबते, मग कांडून शिजवून गरम घाटा कापडावर थापायचा आणि उन्हात वाळवायचा. किण्वन आणि बाष्पीभवन दोन्ही धडे एकाच गच्चीवर, प्रयोगशाळेत एवढं साहित्य एका वेळी निघत नाही. रावेर-यावलकडं केळीचा चीक कपड्याला लागला की डाग का जात नाही, काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं आणि मुरमाड जमिनीतून लगेच का निघून जातं (दोन फुटक्या बाटल्या, थोडी माती आणि एक फडकं, झाला प्रयोग), हळदीच्या डागावर साबण लावला की लाल कसा होतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, पोरं रोज बघतात, आणि ऊर्जेचं रूपांतर मात्र पुस्तकातल्या चित्रावरून शिकतात. हे लिहिताना जरा चिडायला होतं.

नंदुरबारमध्ये एक धडा असा आहे की तो पुस्तकाबाहेरचा राहतच नाही. नववीच्या पुस्तकात आनुवंशिकतेत सिकलसेल (आईबापांकडून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आजार) येतो आणि इथं आश्रमशाळेत रक्ताची तपासणी होते, आधी प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी, मग गरज पडली तर पक्कं निदान करणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी. वाहक म्हणजे काय, दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक कशी, हा तक्ता फळ्यावर काढताना शिक्षकाला सांभाळून बोलावं लागतं, कारण समोरच्या बाकावर कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी बहीण त्या तक्त्यात असते. पोरं प्रश्न विचारतात, खरे प्रश्न, आणि बहुतेक वेळा आधी आपल्या बोलीत, आपसात. मग एखादी धीट पोरगी तेच मराठीत सगळ्यांसाठी विचारते.