रबर, खोबरेल आणि चिठ्ठ्यांचा खोका

एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींपुढे रबरावर बोलायला गेलो होतो. विषय पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा. व्याख्यानाआधी तिथल्या प्राध्यापक बाई हळूच म्हणाल्या, "सर, जमलं तर कंडोमवरही बोला. मुलं आम्हाला विचारत नाहीत." तोंडी कोणी विचारणार नाही हे उघड होतं, म्हणून बुटांचा रिकामा खोका टेबलावर ठेवला आणि चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या.

निम्म्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता: "रबराला बारीक छिद्रं असतात ना? मग एचआयव्हीचा विषाणू त्यातून जात नाही का?" एका चिठ्ठीवर मात्र पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, "खोबरेल तेल चालतं का?" ती वाचल्यावर मागच्या बाकांवर हशा पिकला. मला विचाराल तर अख्ख्या खोक्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

आधी छिद्रांचं बघू. ही समजूत जुनी आहे आणि ती पसरवणारे सगळेच अडाणी नव्हते. २००३ साली व्हॅटिकनचे कार्डिनल अल्फोन्सो लोपेझ त्रुहियो यांनी बीबीसीच्या कार्यक्रमात हेच सांगितलं: विषाणू शुक्राणूपेक्षा कित्येक पटींनी लहान, तेव्हा तो रबराच्या जाळीतून सहज निघून जाईल. जागतिक आरोग्य संघटनेनं ते लगेच खोडून काढलं, पण असली वाक्यं मरत नाहीत. आता ती मोबाईलवर फिरतात, एवढाच फरक.

यात 'जाळी' हा शब्दच चुकीचा आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे कधी गेलात तर रबराच्या बागा दिसतील. खोडावर तिरकी खाच आणि खाली चीक गोळा करायला बांधलेली वाटी, पुष्कळदा नारळाची करवंटीच. तो पांढरा चीक म्हणजे लेटेक्स. दुधात जसे स्निग्धाचे कण तरंगतात तसे यात पाण्यात रबराचे कण तरंगत असतात. कारखान्यात काचेचे साचे या लेटेक्समध्ये बुडवून काढतात. पाणी उडतं, कण एकमेकांवर दाबले जातात आणि मिसळून त्यांची सलग साय धरते. मग साचे पुन्हा बुडवतात, म्हणजे पहिल्या थरात कुठे कच्चं राहिलं असेल तर दुसरा थर ते झाकतो. कापडासारखे इथे धागे नसतात, त्यामुळे दोन धाग्यांमधली फटही नसते. तयार पापुद्रा साधारण ०.०६ ते ०.०७ मिलीमीटर जाडीचा.

यावर एका मुलानं हात वर करून चांगला मुद्दा काढला. (त्या दिवशीचा हा एकमेव तोंडी प्रश्न.) "सर, हेलियमचा फुगा दुसऱ्या दिवशी खाली येतो. म्हणजे छिद्रं आहेतच की!"

हेलियम बाहेर जातो हे खरं. पण तो भोकातून जात नाही. रबराच्या साखळ्या सतत वळवळत असतात, त्यांच्यामध्ये क्षणभर जागा होते आणि बुजते, आणि हेलियमचा अणू या जागांतून वाट काढत पलीकडे पोचतो. त्याचा व्यास सुमारे ०.२६ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग). एचआयव्हीचा विषाणू सुमारे १२० नॅनोमीटरचा, म्हणजे चारशे पटींहून मोठा. चाळणीतून मोहरीचा दाणा पडला म्हणून पुरुषाच्या कमरेएवढा रांजणही पडेल, असं कोणी म्हणत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या संशोधकांनी हे करूनही पाहिलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विषाणूच्या मापाच्या, ११० नॅनोमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या पातळ द्रवात मिसळून कंडोममध्ये दाबाखाली ठेवल्या होत्या. ८९ पैकी २९ कंडोममधून अगदी सूक्ष्म गळती आढळली. विरोधक हाच आकडा नाचवतात. पुढचं वाक्य ते वाचत नाहीत: त्यातला सर्वात वाईट कंडोमसुद्धा, काहीच न वापरण्याच्या तुलनेत, द्रवाशी येणारा संपर्क किमान दहा हजार पटींनी कमी करत होता.

शिवाय प्रत्येक नग विजेवर तपासला जातो. कंडोम धातूच्या दांड्यावर चढवतात आणि विद्युतदाब लावतात. रबर विजेचं दुर्वाहक, त्यामुळे प्रवाह वाहिला की कुठेतरी भोक आहे हे कळतं आणि तो नग बाद होतो. वर प्रत्येक खेपेतले काही नमुने ३०० मिलिलीटर पाणी भरून टांगतात, काही हवा भरून फुटेपर्यंत फुगवतात. नेहमीच्या मापाच्या कंडोमनं किमान १८ लिटर हवा सोसली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे. घरातली पिण्याच्या पाण्याची बादली आठवा, म्हणजे अंदाज येईल.

एवढा दणकट पदार्थ मग फाटतो कसा? इथे पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी येते, आणि माझा आवडता भागही.

रबराचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची लांब साखळी, फक्त कार्बन आणि हायड्रोजनची. शिजलेल्या शेवयांचा गुंता डोळ्यापुढे आणा. चिकात गंधक घालून तो तापवला की शेजारच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात. त्यामुळे गुंता ताणता येतो, पण सुटत नाही, आणि हात सोडला की परत पहिल्या जागी येतो.

आता एक रबरबँड घ्या. झटकन ताणून वरच्या ओठाला लावा, कोमट लागेल. थोडा वेळ तसाच धरून सैल सोडा आणि पुन्हा लावा, गार लागेल. ताणल्यावर वेड्यावाकड्या साखळ्या एका रेषेत येतात. त्यांची मोकळीक कमी होते आणि उष्णता बाहेर पडते. खूप ताणलं तर नैसर्गिक रबरात आणखी एक गंमत घडते. समांतर आलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून चक्क स्फटिक बनतात, मिठासाखरेत असते तशी शिस्तबद्ध रचना. आणि हे स्फटिक नेमके कुठे जास्त तयार होतात? जिथे ताण सर्वाधिक तिथे, म्हणजे बारीकशा चिरेच्या टोकाशी. चीर पुढे सरकायला लागली की तिच्या वाटेतच कठीण गाठ तयार होते आणि ती अडते. ताणला की स्वतःलाच मजबूत करणारा पदार्थ! बहुतेक कृत्रिम रबरांना हे इतकं छान जमत नाही.

तेल नेमकं इथे घात करतं. तेलाच्या रेणूला कार्बन-हायड्रोजनच्या लांब शेपट्या असतात. रबराची साखळीही त्याच घराण्यातली. सजातीय सजातीयात मिसळतं, त्यामुळे तेल रबरावर नुसतं पसरून राहत नाही, आत शिरतं. साखळ्यांमध्ये घुसून त्यांना दूर ढकलतं, गुंता फुगतो आणि गंधकाच्या पुलांवर आधीच ताण येतो. दूर गेलेल्या साखळ्या ताणल्यावरही एकमेकींना भिडत नाहीत, स्फटिक नीट होत नाहीत आणि चिरेला अडवायला कोणी उरत नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खनिज तेलाशी अवघ्या ६० सेकंदांच्या संपर्कानं कंडोमची फुटण्याआधी हवा सोसण्याची क्षमता सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. बेबी ऑइल हे असंच खनिज तेल.

घरी मी वाढदिवसाच्या फुग्याच्या पाच सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापल्या. एक वाटीभर पाण्यात टाकली, एक खोबरेलात. सकाळी पाण्यातली होती तशीच होती. तेलातली साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेली होती. कडा झालरीसारख्या वळल्या होत्या, आणि दोन बोटांत धरून ओढली तर काहीही आवाज न करता तुटली. पाण्यातली ओढताना बोटं दुखली. ज्या नारळाच्या करवंटीत हा चीक गोळा होतो, त्याच नारळाचं तेल त्याच्या मुळावर उठतं.

तर उत्तर: नाही, चालत नाही. खोबरेल नाही, व्हॅसलीन नाही, तूप-लोणी नाही, अंगाला लावायची मलईदार क्रीम नाहीत. योनीत ठेवायच्या काही औषधांतही तेलकट आधार असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्यावं. पाण्याच्या आधाराचं किंवा सिलिकॉनचं वंगण चालतं. ग्लिसरीनसारखे रेणू पाण्याच्या गोतातले, ते रबरात शिरत नाहीत. पाकिटातल्या कंडोमला आधीच लावलेलं असतं ते सहसा सिलिकॉनचं तेल. त्याच्या नावात तेल आहे, पण जात वेगळी.

घात करण्यात तेलाचे नातेवाईक म्हणजे ऊन आणि हवा. साखळीतल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन आणि ओझोन हल्ला करतात, उष्णतेनं त्याला वेग येतो. म्हणून महिनोन्‌महिने मागच्या खिशातल्या पाकिटात दबलेला किंवा दुचाकीच्या डिकीत तापलेला नग वापरू नये. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं त्या काळात तर कच्चं रबर पेट्रोलसारख्या द्रवात विरघळवून कंडोम करायची पद्धत होती, आणि ते काही महिन्यांतच ठिसूळ व्हायचे. लेटेक्समुळे हे आयुष्य काही वर्षांवर गेलं.

वापरातल्या चुका किती महाग पडतात याचा अंदाज गर्भधारणेच्या आकड्यांवरून येतो. अचूक वापरात वर्षाला शंभरापैकी सुमारे २ स्त्रियांना दिवस राहतात, नेहमीच्या धांदलीच्या वापरात सुमारे १३ जणींना. रबर दोन्हीकडे तेच. एचआयव्हीबाबत, एकालाच संसर्ग असलेल्या जोडप्यांच्या अभ्यासांतून असं दिसतं की प्रत्येक वेळी वापरलं तर संसर्ग सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो.

रबर जेवढं झाकतं तेवढंच वाचवतं. सिफिलिसचा व्रण, नागीण गटातला हर्पिस, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा एचपीव्ही विषाणू हे उघड्या राहिलेल्या कातडीवरूनही लागू शकतात. त्यातल्या एचपीव्हीवर आता पुण्यात बनलेली लस आहे, सिरमची सर्व्हाव्हॅक, २०२३ पासून बाजारात. कावीळ-ब ची लस तर बाळांच्या सरकारी वेळापत्रकातच आहे. एचआयव्हीचा संपर्क झाल्याची शंका असेल तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, सरकारी रुग्णालय गाठलं तर २८ दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग बहुधा टळतो.

आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, एका भेटीत' या कागदांबद्दल. क्लॅमिडिया आणि परमा हे जिवाणूंचे आजार आहेत, योग्य प्रतिजैविकांनी बरे होतात आणि त्यांची तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात. क्लॅमिडियात पुष्कळदा, विशेषतः बायकांमध्ये, लक्षणंच नसतात. मग 'बघूनच कळतं' म्हणणाऱ्याला नेमकं काय दिसतं, कोण जाणे. लिंबू किंवा डेटॉलनं धुणं हा तर शुद्ध आत्मघात. नाजूक कातडी सोलते आणि जंतूंना दार उघडून मिळतं.

खोक्याच्या तळाशी एक शेवटची चिठ्ठी होती: "मेडिकलवाला डॉक्टरची चिठ्ठी मागतो का?" नाही मागत. १९६८ साली 'निरोध' आला तेव्हा सरकारनं तो ब्रुक बॉण्ड आणि लिप्टनसारख्या चहा कंपन्यांच्या वितरण जाळ्यातून गावोगावच्या किराणा दुकानांत पोचवला होता, तीन नग पंधरा पैशांना. म्हणजे तो चहापत्तीशेजारी मांडून विकायची वस्तू होती. वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची पद्धत आपण नंतर काढली.