दारूने हृदय कमजोर झालं, आता सोडून काय उपयोग?

नाशिकच्या घराघरांत फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये हे वाक्य असतं: ‘दारूने हृदय एकदा मोठं झालं की संपलं, आता सोडून फायदा नाही.’ घाबरलेल्या माणसाला ते पटतं, त्यात त्याची चूक नाही. पण ते खरं नाही.

वर्षानुवर्षं भरपूर दारू घेतल्याने हृदयाचा स्नायू सैल पडतो, डावा कप्पा फुगतो आणि रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटते. पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकांच्या सुजलेल्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून झोपायला तीन उशा लागायच्या.

या आजारात दारू पूर्ण बंद करून औषधं नियमित घेतली, तर पुष्कळ जणांचं हृदय काही महिन्यांत बरंच सावरतं. सगळ्यांचं नाही, काहींचं थोडंच सुधारतं. पिणं चालू ठेवलं तर मात्र आजार बहुधा वाढतच जातो. आणि ‘हृदयाला चांगली’ म्हणून वाईनही इथे चालत नाही, द्राक्षं आपल्या दिंडोरीची असली तरी!

पडताळायचं कसं? टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ हा आकडा बघा, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला पुढे ढकललं जातं ते. साधारण ५५ ते ७० टक्के म्हणजे ठीक. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा इको करून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने थांबवू नका.

एक कळकळीचं: रोज खूप पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्यामुळे सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.